पैठणी घ्यायचीय: मागावरची की सेमी?

लग्नाची पैठणी घ्यायची म्हटलं की घरात आधी रंगावरून वाद होतो. माझ्या मते आधी ती कशावर विणलीय ते ठरवावं: मागावरची म्हणजे हातमागावर विणलेली, सेमी म्हणजे यंत्रमागावरची. नाशिक जिल्ह्यातलं येवला हे तात्या टोप्यांचं जन्मगाव आणि पैठणीची जुनी पेठ. तिथल्या विणकरांच्या घरातून साडी चोरीला जात नाही, चोरीला जातं ते तिचं नाव. तेच नाव यंत्रमागाच्या साडीला चिकटवून गावोगाव विकलं जातं.

दोन्ही साड्या शेजारी ठेवा आणि पदर उलटा करा. मागावर रंगारंगाच्या छोट्या कांड्या असतात. विणकर एका रंगाचा धागा शेजारच्या रंगात अडकवत पुढे जातो, त्यामुळे मोर मागूनही मोरच दिसतो. यंत्रमागाच्या पदरामागे मोकळे धागे लोंबतात, नाहीतर कापलेली टोकं हाताला लागतात. पण एवढ्यावरून निकाल देऊ नका, कारण येवल्यात हातमागालाही जॅकार्ड (नक्षीसाठी धागे आपोआप उचलणारं यंत्र) लावून ब्रोकेड, म्हणजे जादा धाग्याने नक्षी उठवलेली पैठणी विणतात आणि तिच्याही मागे धागे असू शकतात. अशा वेळी पाठ बघत बसण्यापेक्षा सरळ विचारावं: माग कोणता, जॅकार्ड आहे का?

भावातही खूण असते. दोन-तीन हजारांत ‘शुद्ध रेशीम, हातमाग’ असं कुणी सांगत असेल तर हसून पुढे चला. तेवढे पैसे नुसत्या रेशमालाच लागतात, वर विणकराचे महिने वेगळे.

शिक्क्यांचा गोंधळ तर फारच. सिल्क मार्क फक्त रेशीम खरं असल्याचं सांगतो, ते कुठल्या मागावर विणलं हे नाही. हँडलूम मार्क हातमागाचा, त्यावरून रेशमाची शुद्धता कळत नाही. पैठणीला 2010 साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, ते नाव आणि प्रदेश जपतं. म्हणजे दुकानदाराने एकच शिक्का दाखवून तिन्हींचं श्रेय घेतलं तर थांबवा. जरीचं त्याहून वेगळं. बरीचशी आता तांब्यावर मुलामा दिलेली असते, ती चांदीची आहे का ते स्वतंत्र विचारा.

नक्षीला कायद्याचा आधार फारच तोकडा. डिझाइन कायदा, 2000 नोंदणी देतो ती नव्या, आधी बाहेर न आलेल्या नक्षीला, आणि तीही जास्तीत जास्त 15 वर्षांसाठी. बांगडी मोर, मुनिया, आसावली या पिढ्यान्‌पिढ्यांच्या, त्यामुळे त्यांच्यावर कुणाचीच मालकी नाही. विणकराने स्वतः आलेखावर नवी रचना काढली आणि नोंदणीआधीच तिचा फोटो फिरला, तर त्याच्या हातात फारसं काही उरत नाही. म्हणून त्यांच्या घरी गेलात तर न विचारता मोबाइल काढू नका. अर्धवट विणलेल्या पदराचे फोटो तर मुळीच नकोत.

सेमी पैठणी वाईट नाही. हळदीकुंकवाला नेसायला, भाचीला द्यायला, पावसात भिजली तरी जीव न जाळायला ती उत्तम. माझ्या वहिनीने शहरातल्या एका दुकानातून ‘हातमागाची’ म्हणून घेतली आणि सुटा धागा जाळून पाहिला. केस जळल्यासारखा वास यायला हवा होता, हाती आली प्लास्टिकची काळी गोळी. साडी आजही नेसते, पण दुकानात पाऊल टाकत नाही. तिला राग खोट्या नावाचा आणि खऱ्या पैशांचा, साडीचा नाही.

माझा कौल: रोजच्या समारंभाला सेमी, पण सेमी म्हणून आणि सेमीच्या भावात. लग्नासाठी, पुढे मुलीला द्यायची असेल तर मागावरची, आणि शक्यतो मनमाडला उतरून येवल्यात जाऊन, विणकराच्या घरी माग चालू असताना. गाठीशी वेळ नसेल तर दुकानातूनच घ्या, पण बिलावर ‘हातमाग’, ‘शुद्ध रेशीम’ आणि जरीचा प्रकार लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ झाली तर घडी परत त्यांच्याच हातात द्यावी.