वेन काढायचं बोथट पातं: दहा महिन्यांनंतर

बाणाच्या शेपटीला चिकटवलेली प्लास्टिकची पिसं, म्हणजे वेन, काढायचं हे अवजार मागच्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन मागवलं. प्लास्टिकची मूठ, तिच्या तोंडाशी स्टीलचं छोटं पातं, आणि पात्याला चंद्रकोरीसारखी खाच, बाणाच्या गोलाईवर बसेल अशी. सहाशे रुपये. पाकीट उघडल्यावर आई म्हणाली, "याच्यानं तर लोणीपण कापल्या जाणार नाही." मलाही वाटलं, गेले पैसे.

पोरगी तिरंदाजी करते, कंपाउंड म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याने. २०२३ मध्ये आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने बर्लिनला फायनलमध्ये पंधराच्या पंधरा बाण दहात मारून जगज्जेतेपद आणलं, ते पाहून तिला खूळ लागलं. आता तिचं खूळ आणि माझा रविवार. ५० मीटरवर बाण एकमेकांच्या जवळ बसायला लागले की येणारा बाण आधीच्याची वेन फाडतो. म्हणजे नेम सुधारला की माझं काम वाढतं, तक्रार तरी कोणत्या तोंडाने करू?

या अवजाराआधी मी कटर वापरायचो. वेन झटक्यात निघायची, पण एकदा पातं आत घुसलं आणि शाफ्टवर, म्हणजे बाणाच्या कार्बनच्या दांड्यावर, केसाएवढं कुसळ उभं राहिलं. त्यावरून अंगठा फिरवला, ते आत गेलं. काळं, बारीक, सुईने कोरूनही दिसेना. दुसऱ्या दिवशी रेंजवर सरांनी तो बाण दोन टोकांना धरला, तोंडापासून लांब नेऊन हलकाच वाकवला, जरा फिरवून परत वाकवला. बारीक 'कट्' असा आवाज आला. "भाऊ, हा संपला. सोडताना फुटला तर तुकडे हातात शिरतात," म्हणाले आणि तिथेच मोडून टाकला, दुसऱ्या कोण्या पोराने उचलू नये म्हणून. तेव्हापासून प्रत्येक बाण साफ झाल्यावर तसाच वाकवून, कान देऊन ऐकतो.

आता अवजाराबद्दल. पहिला महिना ते मला जमलंच नाही, कारण मी जोर लावत होतो. नॉक, म्हणजे बाणाच्या शेपटीचं दोरीत अडकणारं टोपण, काढून ठेवायचा, टेबलावर टॉवेलची घडी, तिच्यावर बाण. पातं वेनच्या पुढच्या, उतरत्या टोकाशी जवळजवळ आडवं टेकवायचं आणि शरीरापासून दूर ढकलायचं. पातं उभं धरलं तर टक्‌ टक्‌ उड्या मारतं आणि वेनचा तळ तुकड्या-तुकड्याने मागे राहतो. बरोबर कोन सापडला की 'सर्र' असा आवाज येतो आणि वेन बुडाच्या पट्टीसकट अख्खी सुटते. ते एकदा झालं की मग बाराही बाण त्याच बैठकीत होतात, चहा निवायच्या आत नाही, पण दुसरा चहा यायच्या आत नक्की.

वेन काढणं हे मात्र अर्धंच काम. खाली गोंदाच्या तीन पांढुरक्या रेघा राहतात, आणि खरा वेळ तिथे जातो. त्यांच्यावरच नवी वेन बसवली तर तिचा तळ सपाट टेकत नाही, पुढचं टोक चार दिवसांत उचललं जातं. आमचा गोंद फेविक्विकच्या जातीचा, सायनोअॅक्रिलेट. त्याची जाड कड हेच पातं हलक्या हाताने दोन-तीनदा फिरवून खरवडतो. उरलेला पापुद्रा अॅसिटोनने. फडकं ओलं करायचं, पुसायचं, लगेच कोरडं करायचं. बाण त्यात बुडवून ठेवायचा नाही, कार्बनचे धागे इपॉक्सीने बांधलेले असतात आणि ती बांधणीच बिघडायची भीती. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक हात, आणि मग तिथे बोट लावायचं नाही.

अॅसिटोनसाठी इतवारीत गेलो होतो. दुकानदार म्हणे, "थिनर घेऊन जा ना, काहून जास्तीचे पैसे घालून राहिले?" थिनरमध्ये काय काय मिसळलेलं असतं ते डब्यावर कळत नाही, म्हणून नाही घेतलं. घरातलं नेलपॉलिश रिमूव्हरही वापरून पाहिलं. त्यात तेलकटपणा होता, नव्या वेन दुसऱ्याच दिवशी सोलल्या गेल्या.

अॅसिटोनने आणखी एक घोळ केला. पोरीने मार्करने लिहिलेले बाणांचे नंबर पुसले गेले, स्पर्धेच्या नियमाने लागणारी नावाची आद्याक्षरंही गेली. "बाबा, सातवा कोणता? तो डावीकडे जातो म्हणून मी बाजूला ठेवला होता!" आता पुसण्याआधी नंबर कागदी टेपवर लिहून बाणाच्या टोकाकडे चिकटवतो.

गरम करून गोंद सैल करायचा सल्ला मलाही बऱ्याच जणांनी दिला. हीट गन, लायटर, उकळतं पाणी यांच्या नादी लागू नका, ७० अंशांपुढे इपॉक्सीचा भरवसा नाही. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ असताना बंद गाडीत बाण ठेवणंही मी सोडलंय.

नागपूरच्या हवेची एक गंमत सांगतो. हा गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी वेन जिगमध्ये (ती चिकटवताना जागेवर धरणाऱ्या साच्यात) कितीतरी वेळ धरून बसावं लागलं. म्हणून कूलरसमोर बसलो. गोंद लवकर धरला, पण वेनच्या कडेने शाफ्टवर पिठासारखा पांढरा थर आला. पावसाळ्यातही तसाच आला होता. वेन टिकल्या, दिसायला वाईट. आता कूलर त्याच खोलीत असतो, पण त्याची झोत माझ्याकडे नसते.

उणीव एकच, पण मोठी. जाहिरातीत 'सर्व शाफ्टसाठी' लिहिलं होतं. खाच एकाच मापाची आहे. पोरीच्या बाणांना बसते. तिच्या मैत्रिणीच्या रिकर्व्हच्या (बिनकप्प्यांच्या धनुष्याच्या) सडपातळ बाणांवर पातं दोन्ही बाजूंनी डुलतं, त्यांचं काम नखाने आणि वेनखालची टेप सोलूनच करावं लागतं.

आणि मार्चमध्ये गल्लीत धारवाला आला. आईने सुऱ्या, विळी आणि सोबत हेही दिलं, "इतकं बोथट होतं, मी करून आणलं." पहिल्याच वेनला पातं शाफ्टमध्ये रुतलं. अर्धा तास कानशीने ती धार घालवली, मग बारीक पॉलिश पेपरने कड गुळगुळीत केली. आता अवजार कपाटाच्या वरच्या फळीवर असतं, मुठीला चिठ्ठी बांधलेली: आई, याला धार लावायची नाही.