‘मिल्क अँड हनी’: पानाच्या तळापर्यंत वाचायचा कवितासंग्रह

कॅनडातल्या पंजाबी कवयित्री रूपी कौर यांचा ‘मिल्क अँड हनी’ हा इंग्रजी कवितासंग्रह तासा-दीड तासात वाचून होतो, आणि म्हणूनच तो बरेचदा नीट वाचला जात नाही. पानं दोनशेच्या आसपास, पण कितीतरी पानांवर जेमतेम पाच-सहा ओळी आणि बाकी कोरा कागद. नजर भराभर घसरते, पान उलटलं जातं. आणि इथे तर महत्त्वाचं बरंच काही पानाच्या तळाशीच आहे.

कवितेचं शीर्षक या पुस्तकात वर नसतं. असलंच तर शेवटच्या ओळीनंतर, एका छोट्या आडव्या रेघेपुढे. एका कवितेतली मुलगी म्हणते की मलाही जागा व्यापायचा हक्क आहे हे स्वतःला पटवणं म्हणजे उजव्या हाताची सवय असताना डाव्या हातानं लिहिणं. एवढंच असतं तर ही एका बुजऱ्या मुलीची कविता ठरली असती. तळाचं शीर्षक सांगतं की हे आक्रसून घेणं वारशानं आलेलं आहे, आणि त्या अवघडलेल्या हातामागे एकदम आई, आजी, पणजी उभ्या राहतात. तेच शीर्षक वर छापलं असतं तर कविता सुरू व्हायच्या आतच उलगडली असती. म्हणून एक साधी शिस्त पाळावी: तळाची ओळ वाचून झाली की कविता पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायची. सात ओळींना वेळ तो किती लागणार!

इंग्रजी मजकूर सगळा लहान लिपीत आहे आणि विरामचिन्हांत फक्त पूर्णविराम. गुरुमुखीत, म्हणजे पंजाबीच्या लिपीत, मोठी-लहान अक्षरं नसतात, त्या मातृलिपीला धरून हे केल्याचं कवयित्रीनं सांगितलं आहे. देवनागरीत वाढलेल्या डोळ्याला यात वावगं काही वाटणार नाही. इंग्रजीत मात्र ‘मी’साठीचं अक्षर एरवी कायम मोठं असतं, ते इथे शेजारच्या अक्षरांएवढंच होतं. स्वतःची किंमत शोधणाऱ्या कवितांत हा बदल नुसता दिखाऊ राहत नाही.

चित्रंही कवयित्रीचीच, काळ्या बारीक रेघेची, रंगाशिवाय. प्रत्येक कवितेला चित्र नाही, हे उत्तम आहे. जिथे शरीरावर झालेल्या अत्याचाराबद्दल किंवा शरीराच्या मालकीबद्दल बोलायचं असतं, तिथे रेघ शब्दांच्या बरोबरीनं काम करते, आणि काही पानांवर ओळी चित्राला खेटून बसतात. उलट, फुलं-वेलींची काही चित्रं फक्त पान भरतात. ती नसती तरी चाललं असतं.

भाग चार: दुखावणं, प्रेम, तुटणं, सावरणं. सगळ्यात ताकदीचा आणि वाचायला सगळ्यात जड भाग पहिलाच. त्यात समुपदेशकासमोर बसलेल्या मुलीची एक कविता आहे. पुढ्यात बाहुली ठेवली जाते आणि छळ करणाऱ्याचे हात कुठे लागले ते दाखव म्हणतात. सगळी कविता ‘तू’ला उद्देशून आहे, सोसणारी स्वतःकडे बाहेरून पाहते आहे. शेवटी कसं वाटतंय असं विचारल्यावर ती ‘ठीक’ म्हणते, आणि खरं तर बधिर, असंही. तळाच्या शीर्षकावरून कळतं की अशा बैठका आठवड्याच्या मध्यावर ठरलेल्या असतात. त्या रटाळ वेळापत्रकानं अंगावर काटा येतो. घरातल्याच माणसांकडून झालेला लैंगिक छळ या भागात थेट येतो. किशोरवयीन मुलीला हे पुस्तक भेट द्यायचं असेल, तर आधी हा भाग स्वतः वाचा. दुसऱ्या भागात प्रेमासोबत शृंगारही मोकळेपणानं आहे, तेही ध्यानात ठेवा.

तिसऱ्या भागात प्रेमभंगानंतर काय करायचं याची आकडे घातलेली एक यादी आहे. मनसोक्त रडणं, त्याचा नंबर पुसून टाकणं, अशी बारीकसारीक कामं. यादीचा कोरडा घाट आणि आतली घालमेल यांची गाठ इथे छान जमली आहे.

चौथ्या भागात मात्र पुस्तक ढिलं पडतं. अंगावरच्या केसांबद्दलची, बायकांनी एकमेकींना धरून राहण्याबद्दलची पानं मनापासून लिहिलेली आहेत, पण बऱ्याच ठिकाणी कविता उपदेश करू लागते: स्वतःवर प्रेम कर, स्वतःला माफ कर. अशा वेळी ओळी जोडून सलग वाक्य म्हणून वाचून पाहावं. काहीच हरवलं नाही, तर ओळ तोडण्यामागे कारण नव्हतं. डाव्या हाताची कविता अशी जोडली तर मधले थांबे जातात, अडखळणं जातं, आणि कविता पंगू होते. चौथ्या भागातल्या कित्येक कविता या कसोटीत नापास होतात. त्यातल्या भावनेच्या खरेपणाबद्दल शंका नाही, पण भावना खरी असल्यानं ओळ आपोआप घडत नाही. एका दमात वाचू नका. दहा-बारा पानांनंतर थांबलात तर तोच तो सूर कानाला खटकत नाही.

घ्यायचं तर छापील घ्या. ई-बुकमध्ये अक्षर मोठं केलं की लांब ओळ मध्येच मोडते आणि कवीनं तोडलेली कुठली, पडद्यानं तोडलेली कुठली, ते कळत नाही. तळाचं शीर्षक पुढच्या पडद्यावर ढकललं जाऊ शकतं आणि चित्र आपल्या ओळींपासून सुटू शकतं. ई-बुकच वाचायचं असेल तर टॅबलेटवर, अक्षर लहान ठेवून वाचा.

पुस्तक २०१४ साली कवयित्रीनं स्वतः प्रकाशित केलं आणि २०१५ मध्ये अँड्र्यूज मॅकमील या प्रकाशनानं काढलं. खूप खपणाऱ्या पुस्तकांच्या नकला निघतात, म्हणून विकत घेताना आतलं एखादं चित्र निरखून पाहा. पुन्हा स्कॅन करून छापलेल्या प्रतीत बारीक रेघ मधूनच तुटते नाहीतर शाई पसरून जाड होते, आणि काळ्या मुखपृष्ठावरच्या मधमाश्यांच्या कडा भुरकट दिसतात.