असॅसिन स्नेल: टाकीतल्या गोगलगायींवर उतारा म्हणून कितपत कामाची?

नव्या झाडांबरोबर रॅम्सहॉर्न किंवा ब्लॅडर गोगलगायींची अंडी माशांच्या टाकीत शिरली की दुकानदार हमखास असॅसिन, म्हणजे इतर गोगलगायी खाणारी गोगलगाय, पुढे करतो. पिवळ्या-तपकिरी पट्ट्यांचा टोकदार शंख, लांबी दोन ते तीन सेंटीमीटर. पाचपैकी साडेतीन गुण. शिकारीत उत्तम, पण घाई असणाऱ्यांनी घेऊ नये.

पाटीवर कधी ‘क्लिआ हेलेना’ असतं, कधी ‘ॲनेन्टोम हेलेना’. माल तोच. शंख, शंखाचं तोंड मिटणारं झाकण, दात आणि जनुकं तपासणाऱ्या २०१७ च्या अभ्यासाने हिला क्लिआतून काढून ॲनेन्टोम प्रजातीत (जीनस) ठेवलं. कुळ नॅसारिइडी, म्हणजे जवळपास सगळे भाऊबंद खाऱ्या पाण्यातले. त्याच अभ्यासात हेलेना या नावाखाली किमान चार जाती निघाल्या. खरी हेलेना जावामधून वर्णिलेली, तर अमेरिकेत मत्स्यटाकीच्या बाजारातून घेतलेला नमुना थायलंडच्या जातीशी जुळला. तेव्हा पाटीवरचं नाव अंदाजापुरतंच धरावं. टाकीतल्या कामात मात्र त्याने काही अडत नाही.

अडतं ते तळाच्या मातीवर. थायलंड, मलेशिया, इंडोनेशियात या गोगलगायी संथ ओढ्यांच्या, तळ्यांच्या, कालव्यांच्या वाळू-गाळाच्या तळाशी राहतात. दिवसा वाळूत पुरून घेतात, फक्त श्वसननलिका वर. वास त्या नळीतूनच लागतो आणि मग सोंड बाहेर काढून सावज खातात. म्हणून बारीक वाळूचा तीन-चार सेंटीमीटर थर हवाच. जाड खडीत त्यांना पुरून घेता येत नाही, मग त्या कोपऱ्यात पडून राहतात आणि ‘माल खराब निघाला’ म्हणून बोल दुकानदाराला लागतो.

पाणी २४ ते २८ अंश, पीएच ७ ते ८. आम्लधर्मी, मऊ (क्षार कमी असलेल्या) पाण्यात शंखाचं टोक झिजून पांढरं पडतं. थंडीत पाणी गार झालं की हालचाल मंदावते, तेव्हा पुण्या-नाशिककडे हीटर लागतो. माशांच्या औषधात तांबं असेल तर ते टाकीत घालूच नये, गोगलगायी मरतात.

साठ लिटरच्या टाकीला तीन-चार पुरेत. फरक दिसायला महिना-दीड महिना लागतो. कारण साधं आहे: काचेवर चिकटलेल्या जेलीसारख्या अंड्यांकडे त्या फारशा वळत नाहीत, पिल्लं बाहेर येतात आणि मग खाल्ली जातात. अंडी हातानेच खरवडून काढावीत. दुसरी अडचण माणसाची. माशांना जास्त खाऊ टाकला तर असॅसिन तोच उचलते, शिकारीला हलत नाही. उरलेल्या खाऊवर रॅम्सहॉर्नही वाढतात. आधी खाऊ निम्मा करावा, मग असॅसिन सोडावी. आपली शोभेची नेराइट किंवा मिस्टरी गोगलगाय त्याच टाकीत असेल तर विचार सोडून द्यावा, कारण हिला तण आणि तुळस सारखीच. धडधाकट मोठी कोळंबी सहसा वाचते.

सगळा फडशा पडल्यावर उपाशी ठेवू नये. गोठवलेल्या ब्लडवर्म (लाल अळ्या) किंवा बुडणाऱ्या गोळ्या आठवड्यातून दोन-तीनदा द्याव्यात.

नर-मादी वेगळे असतात, पण बाहेरून ओळखू येत नाहीत. पैदास हवी तर पाच-सहा घ्याव्यात. मादी पारदर्शक चौकोनी पाकिटात एकेकच अंडं घालते. पिल्लं वाळूत दडून वाढतात, मोठी व्हायला महिने लागतात. त्यामुळे त्यांचाच सुळसुळाट होत नाही, ही यातली खरी जमेची बाजू.

घेताना झाकण स्पर्शाने घट्ट मिटतं का ते पाहावं. आत ओढली गेलेली, झाकण सैल पडलेली, उग्र वासाची मेलेलीच समजावी.

जास्तीच्या असॅसिन दुकानात परत द्याव्यात किंवा दुसऱ्या छंदिष्टाला. ओढ्यात, तळ्यात सोडू नयेत. सिंगापूरच्या पाण्यात त्या शिरल्याची नोंद आहे, आणि आपल्या सह्याद्रीत ओल्या कड्यांवर चिकटून राहणाऱ्या क्रेम्नोकॉन्कस गोगलगायींच्या जाती जगात दुसरीकडे कुठेच नाहीत.