१९०४ ची व्हँडरबिल्ट कप शर्यत: लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात

मोटार शर्यतींचे सुरुवातीचे दिवस हलत्या चित्रात बघायचे असतील, तर अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ऑनलाइन संग्रह सर्वांत भरवशाचा. ८ ऑक्टोबर १९०४ ला लाँग आयलंडवर झालेल्या पहिल्या व्हँडरबिल्ट कपची फिल्म इथे मोफत बघता येते, डाउनलोडही करता येते. मागाहून चिकटवलेले इंजिनाचे आवाज नाहीत की संगीत नाही, हे मोठंच सुख.

चित्र मात्र धूसर आहे. १९१२ पर्यंत अमेरिकेत सिनेमाला स्वतंत्र कॉपीराइट नव्हता. निर्माते फिल्म फ्रेमगणिक कागदावर छापून फोटो म्हणून नोंदवत. त्या काळातल्या कितीतरी नायट्रेट (सहज पेट घेणाऱ्या प्लास्टिकच्या) फिल्म जळाल्या, कुजल्या, कागद टिकला. पुढे या कागदी गुंडाळ्या १६ मिमी फिल्मवर उतरवल्या गेल्या आणि बरेच बारकावे तिथेच गेले. त्यामुळे चित्र धारदार करणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. ती नसलेले तपशील स्वतःच भरतात.

वेग आधी जुळवा. कॅमेऱ्याचा दांडा हाताने फिरवत: सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला ८ फ्रेम, म्हणजे साधारण १६. तीच फिल्म २४ ने चालली की सगळं दीडपट पळतं. तसं दिसलं तर व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.६७ करा आणि गाड्यांवरून नव्हे, माणसांच्या चालण्यावरून तपासा. कॅमेरामनचा हात एकसारखा चालत नसे, तेव्हा शॉट बदलला की पुन्हा बघा.

जॉर्ज हीथने पानार गाडीतून ही शर्यत ताशी सरासरी ५२ मैलांनी जिंकली. म्हणजे सेकंदाला २३ मीटर. दोन फ्रेमच्या मध्ये गाडी जवळजवळ दीड मीटर सरकते. शटर त्यातला निम्मा वेळ उघडं धरलं, तरी एका फ्रेमवर पाऊण मीटरचा फराटा उमटणारच. आडवी जाणारी गाडी ओळखायचा हट्ट सोडा. समोरून येणारी गाडी गाठा, व्हिडिओ थांबवा आणि इंग्रजी ई बटणाने एकेक फ्रेम पुढे न्या. चालकाशेजारी बसलेला मेकॅनिक शोधा: तेलाचा हातपंप मारणं, टायरवर नजर ठेवणं आणि मागून कोण येतंय ते सांगणं ही त्याची कामं. चाकांचे आरे उलटे फिरताना दिसले तर तो फिल्मचा दोष नव्हे. दोन फ्रेमच्या मध्ये प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागेच्या किंचित अलीकडे पोचलेला असतो.

गाडीच्या रंगाचा अंदाज तर बांधूच नका. तेव्हाच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, तो काळा उमटे. निळा जवळजवळ पांढरा.