सीआरटी: आधीची पारख उत्तम, नंतरची तपासणी तोकडी

सासूबाईंना ज्या हृदयरोग विभागात सीआरटी बसवलं, त्याबद्दल लिहितेय. सीआरटी म्हणजे तीन तारांचा पेसमेकर. हृदयाचे डावे-उजवे कप्पे एकाच ठोक्यात आकुंचन पावावेत म्हणून. साधारण तिघांतल्या एकाला त्याचा उपयोग होत नाही, हे आम्हाला ठाऊक होतं. प्रश्न एकच होता: आईंना होईल का?

डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी टेबलावर पसरली. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं जितकं रक्त बाहेर फेकलं जातं ते, २५ टक्के. क्यूआरएस, म्हणजे ईसीजीवरच्या मोठ्या लाटेची रुंदी, १६४ मिलिसेकंद. १५०च्या वर, शिवाय लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (डाव्या कप्प्याकडे जाणाऱ्या विद्युतवाटेतला अडथळा), म्हणजे मोठी जमेची बाजू. रुंद लाटेच्या माथ्यावरची खाच त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने दाखवली आणि म्हणाले, ‘‘ही असली की ब्लॉक खरा असण्याची शक्यता वाढते.’’ अँजिओग्राफी स्वच्छ होती. डाव्या कप्प्याच्या ज्या बाहेरच्या भिंतीवर तिसरी तार टेकणार, तिथे एमआरआयमध्ये जुन्या इजेचा व्रण नव्हता. बायकांना फायदा जास्त दिसतो, हेही सांगितलं.

‘‘इकोवरून, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवरून, नक्की कळत नाही का?’’ असं मी विचारलं. त्यावर त्यांनी २००८च्या प्रॉस्पेक्ट अभ्यासाचा दाखला दिला: इकोचं कुठलंच एक मोजमाप त्यासाठी भरवशाचं ठरलं नाही. क्यूआरएस १३०च्या आत असेल तर आम्ही बसवतच नाही, कारण तिथे अपायही होऊ शकतो, असंही म्हणाले. शक्यता चांगली आहे, पण हमी नाही, हे त्यांनी तोंडावर सांगितलं. इतका सरळ सल्ला मिळणं ही माझ्या लेखी या विभागाची सगळ्यात मोठी गोष्ट.

नंतरच्या तपासण्यांबद्दल मात्र असं म्हणवत नाही. दर वेळी ‘मशीन व्यवस्थित आहे’ एवढंच ऐकायचं, आणि आईंना जिना चढताना दम लागतच होता. शेवटी मी टेक्निशियनला विचारलं, किती टक्के ठोके मशीन देतंय? ८८! ते ९८च्या वर हवेत. मधूनमधून येणारे जादा ठोके मशीनला आड येत होते. हे कुणीतरी आपणहून सांगायला हवं होतं. औषध बदललं, आकडा ९८च्या पुढे गेला. पुढच्या इकोत पंपिंग ३८ टक्के आलं आणि आई आता मधे न थांबता वर येतात.

बसवण्याआधीच्या सल्ल्यासाठी इथे जरूर जा. नंतरच्या प्रत्येक तपासणीत तो टक्का विचारा आणि फाइलवर लिहून घ्या.