फ्लॅश उडाला, पण फिल्मवर उजेड नाही

खानापूरच्या आमच्या घराचं माजघर दिवसाढवळ्याही अंधारं असतं. तिथंच मे महिन्यात आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. नातवंडं, पणतवंडं, ओवाळणीची ताटं, सगळं त्रिमितीत जसंच्या तसं दिसावं म्हणून मी मुद्दाम जुना स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेरा घेतला. हा दोन भिंगांनी एकाच वेळी फोटोंची जोडी काढतो, एकेका डोळ्यासाठी एकेक, आणि ती व्ह्यूअरमधून बघायची असते. ऑनलाइन, २२,००० रुपयांना.

विकणारा जाणकार होता, म्हणूनच मी फसलो. कॅमेरा मिलवॉकीच्या डेव्हिड व्हाइट कंपनीचा, १९४७ साली बाजारात आलेला, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवरही तो वापरायचे, असं त्यानं सांगितलं. हे सगळं खरं आहे, मी पडताळून पाहिलं. खोटी एकच गोष्ट होती: "आजचा कुठलाही फ्लॅश बिनधास्त लावा दादा, मी तपासलाय." सोबत व्हिडिओ. बटण दाबलं, फ्लॅश उडाला. मी पैसे पाठवले.

फ्लॅश उडणं वेगळं आणि शटर (फिल्मवर उजेड सोडणारी पाती) उघडं असताना उडणं वेगळं, हे मला तेव्हा सुचलं नाही. त्या काळी फ्लॅशला बल्ब असायचे. बल्ब पेटून पूर्ण उजळायला साधारण २० मिलिसेकंद घेतो आणि काही काळ जळत राहतो, म्हणून तो जरा आधी पेटला तरी चालतं. आजचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश बहुधा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत संपतो. शटरची पाती उघडायच्या आधी तो उडाला, तर फिल्मपर्यंत काहीच पोचत नाही.

माझ्या रोलवर २८ जोड्या होत्या. सगळ्या काळ्या. एका जोडीत तेवढ्या समईच्या वाती आल्यात. व्ह्यूअरमध्ये त्या काळोखात तरंगताना दिसतात. त्यांच्यामागे आजी बसली होती.

बेळगावात खडेबाजारच्या बाजूला जुने कॅमेरे दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी शटर कॉक न करताच, म्हणजे त्याची स्प्रिंग न ताणताच, बटण दाबलं, तरी फ्लॅश उडाला! "हे बघ, पाती हललीसुद्धा नाहीत," म्हणाले. वरचं झाकण काढल्यावर दिसलं, की शटरबरोबर फ्लॅश पेटवणारा मूळ कॉन्टॅक्ट तुटलेला होता आणि फ्लॅशची तार थेट बटणाखालच्या पट्टीला नव्यानं सोल्डर केली होती. हे आपोआप होत नाही. व्हिडिओत फ्लॅश दिसावा एवढ्यासाठीच केलेलं ते काम आहे, असं मी ठामपणे म्हणतो.

काकांनी दाखवलेली तपासणी विकणाऱ्याकडून पैसे देण्याआधी करून घ्या. कॅमेऱ्यात रोल नको. मागचं झाकण उघडं, अ‍ॅपर्चर (भिंगातलं उजेडाचं छिद्र) पूर्ण उघडं, फ्लॅश पांढऱ्या भिंतीकडे. ज्या वेगावर फोटो काढणार तोच वेग ठेवून मागून भिंगात बघत बटण दाबायचं. उजेडाचं पूर्ण गोल वर्तुळ दिसलं पाहिजे. डाव्या भिंगात बघा, मग उजव्यात बघा. स्टिरिओत शटर दोन असतात, एक जरी रेंगाळलं तरी एक डोळा अंधारात राहतो आणि ती जोडी वाया जाते. व्हिडिओ मागायचाच तर असा, मागच्या बाजूनं काढलेला मागा.

विकणाऱ्यानं मला ब्लॉक केलं. त्याचे मेसेज आपोआप पुसले जाणारे होते, त्यामुळे हाती उरली ती फक्त यूपीआयची नोंद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार दिली आहे, पण मी उशीर केला. फोन त्याच दिवशी करायला हवा होता. काका तार मूळ जागी जोडून देतो म्हणालेत. आजीला विचारलंय, ती पुन्हा तीच नऊवारी नेसून बसायला तयार आहे.