बिटवॉर्डन: वहीच्या शेवटच्या पानाला सुट्टी

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या साडीच्या दुकानात उधारीच्या वहीचं शेवटचं पान पासवर्डांचं. जीएसटी, बँक, हेस्कॉमचं लाईट बिल, कर्नाटक सरकारचं सेवा सिंधू पोर्टल, सगळीकडे मुलाचं नाव आणि पुढं १२३. पावसाळ्यात पत्रा गळला, शाई पसरली. मग पुण्याच्या भाचीनं फोनमध्ये बिटवॉर्डन हे पासवर्ड जपून ठेवणारं ॲप टाकून दिलं.

फुकटच्या खात्यातही कितीही पासवर्ड ठेवता येतात. दुकानातला कॉम्प्युटर आणि फोन, दोन्हीकडं तेच दिसतात. मला खरं पटलं ते वेगळंच. पासवर्ड साइटच्या पत्त्याला बांधलेला असतो. परवा बँकेच्या नावानं मेसेज आला, लिंक दाबली, पान हुबेहूब तसंच. पण पत्ता बँकेचा नव्हता, म्हणून बिटवॉर्डननं पासवर्ड सुचवलाच नाही. तिथंच हात आखडला.

हे सगळं उघडणारा मास्टर पासवर्ड मात्र कंपनीकडंही नसतो, विसरलात तर कुणी काढून देणार नाही. मी एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडलेत (त्यात बेळगावची मिठाई कुंदा नाही, एवढंच सांगतो), चिठ्ठी तिजोरीत, जागा बायकोला दाखवलेली.

जुने पासवर्ड बदलण्यात दोन रविवार गेले. बायको म्हणते, आता तरी ती वही टाका. मग उधारी कोण वसूल करणार?